आत दोन इंच माया

मास्टरजी मखमलीवरून तळहात फिरवतात. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. लवीच्या दिशेनं हात गेला की कापड झळाळतं, विरुद्ध गेला की गडद होतं, जवळजवळ काळपट. मरून रंगाच्या या मखमलीचा सोळा कळ्यांचा लेहंगा व्हायचाय. कळी कमरेपाशी अरुंद, पायाशी रुंद; साधं कापड असतं तर एक सुलटी, एक उलटी अशा जोड्या लावून बरंच कापड वाचवता आलं असतं. मखमलीला ती सोय नाही. एक कळी जरी उलटी कापली गेली तरी मांडवातल्या दिव्यांखाली ती एकटीच वेगळ्या रंगाची दिसेल. म्हणून कापड जास्त लागतं, आणि ते का लागतं हे नवरीच्या आईला समजावून द्यावं लागतं. समजावायचं काम ताईंचं. मास्टरजी खडूला धार काढतात, गुनिया सरळ करतात आणि कात्री उचलण्याआधी पुन्हा एकदा हात फिरवून बघतात.

दिल्लीतल्या द्वारकेतलं ताईंचं हे बुटीक डीडीएच्या बाजारसंकुलात पहिल्या मजल्यावर आहे. खाली औषधांचं दुकान, मिठाईवाला, झेरॉक्सवाला. ऑक्टोबरातली सकाळ, करवा चौथ चार दिवसांवर आलेली. जिन्यापाशी मेंदीवाल्यांची स्टुलं आतापासूनच मांडलेली आहेत. सेक्टर १० च्या मैदानात रामलीलेच्या मांडवाचे बांबू अजून उतरवताहेत. डोक्यावरून थोड्या थोड्या वेळानं विमान जातं, विमानतळावर उतरायला आलेलं, इतकं खालून की खिडकीची काच थरथरते. तेवढा वेळ सगळे बोलायचे थांबतात आणि विमान गेल्यावर वाक्य राहिलं होतं तिथूनच पुढं सुरू होतं.

पूर्वी या भागाचं नाव पप्पनकलां. दिल्ली विकास प्राधिकरणानं, म्हणजे डीडीएनं, इथं सेक्टर आखले, सहकारी सोसायट्यांना जमिनी दिल्या, आणि सरकारी नोकर, बँकवाले, शिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले लोक राहायला आले. ताई लग्न होऊन नागपूरहून इथं आल्या तेव्हा मेट्रो नव्हती. ब्लू लाइन द्वारकेपर्यंत पोचली ३१ डिसेंबर २००५ ला. तोवर चांदणी चौकातल्या कटरा नीलमधून कापड आणि किनारी बाजारातून गोटा आणायचा तर बसनं जायचं आणि परतीला गाठोडं मांडीवर घेऊन बसायचं. सुरुवात फ्लॅटच्या बाल्कनीत झाली, एका उषा मशीनवर, फॉल-पिकोपासून. हाताशी ड्रेस डिझाइनिंगचा डिप्लोमा होता, पण पहिली दोन वर्षं कुणी डिझाइन मागायला आलं नाही. बायका उसवलेलं घेऊन येत. कुठं शिवण का उसवते, कोणत्या अंगाला कपडा ओढ घेतो, हे त्या दोन वर्षांत कळलं, असं ताई सांगतात. सांगताना हातातल्या कुर्त्याचा मुंढा उलटा करून बघणं चालूच असतं.

दार ढकलून एक बाई आत येतात. शाळेत शिकवतात, अर्धी रजा टाकून आल्यात. जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं काउंटरवर ठेवतात. आत त्यांचा लग्नातला लेहंगा आहे, इथंच शिवलेला, २०१३ सालचा. करवा चौथला इकडच्या पुष्कळ बायका लग्नातला जोड पुन्हा अंगावर घालतात, निदान ओढणी तरी. त्यामुळं या आठवड्यात अशी गाठोडी रोज येतात.

"दीदी, चोली नहीं चढ़ रही," त्या म्हणतात आणि नजर खाली घालतात.

"चोली छोटी हो गई है," ताई म्हणतात. कपडा लहान झाला. अंग वाढलं असं या दुकानात कुणी म्हणायचं नाही, हा नियम मदतनीस मुलीलाही पहिल्या दिवशीच सांगितलेला असतो.

ताई कपाटातून वही काढतात. कापडी पुठ्ठ्याच्या अशा वह्या वरच्या फळीवर ओळीनं उभ्या आहेत, प्रत्येकीच्या कण्यावर साल लिहिलेलं. पानावर माप, शेजारी कापडाचा तुकडा स्टेपल केलेला, आणि बाजूला बारीक अक्षरात काहीबाही: उजवा खांदा खाली. गळा खोल नको, सासरे असतात. घाई करते, ट्रायलला दोनदा बोलावणे. पान सापडतं. तीरा १४, छाती ३४, कंबर २८. मग टेप गळ्यातून उतरतो, ताई बाईंच्या भोवती फिरत आकडे सांगत जातात आणि मदतनीस मुलगी जुन्या आकड्यांखाली नवे लिहिते. छाती ३९. कंबर ३५. मधल्या काळात दोन मुलं झाली, थायरॉईड झाला, वडील गेले. त्यातलं बरंचसं या वहीत तारखांनिशी उतरलेलं आहे, कारण त्या त्या वेळी काहीतरी शिवायला किंवा उसवायला त्या इथं आलेल्या आहेत.

चोली उलटी होते. ताई नखानं अस्तर बाजूला सारतात. दोन्ही कुशींना, पुढच्या भागाला आणि मागच्या भागालाही, दोन-दोन इंच माया आत दुमडून ठेवलेली. बाहीतही आहे. बाहेरचा लाल रंग जरा विटकरीकडे झुकलाय. आतला, इतकी वर्षं उजेड न पाहिलेला, लग्नाच्या दिवशी होता तसाच आहे.

"निकल जाएगा?" बाई विचारतात.

"पाच इंच हवेत. निघतील आणि थोडं उरेलही."

बाई स्टुलावर बसतात. मला त्यांचा चेहरा दिसतो आणि मी माझ्या टिपणवहीत लिहायचं थांबवते.

पण काम इथं संपत नाही. शिवण उसवली की कच्च्या रेशमावर सुईच्या भोकांची रेघ राहते. मास्टरजी तिच्यावर वाफेची इस्त्री फिरवतात, बोटानं कापडाचे धागे हलकेच जागेवर सरकवतात. बरीचशी भोकं बुजतात, जी राहतील त्यांच्यावरून गोट्याची बारीक पट्टी जाईल. दुसरी अडचण जरीकामाची. नक्षी जुन्या शिवणीपाशी येऊन थांबलेली आहे, त्यामुळं उलगडलेला भाग कोरा दिसतो. तिथं चार-चार बुट्ट्या भराव्या लागतील, आणि नवी जर जुन्या जरीशेजारी फार चमकायला नको. ताई डब्यांमधून जुनी, थोडी मंदावलेली जर शोधून काढतात. जुन्या कामातली उरलेली जर त्या टाकून देत नाहीत, ती याचसाठी.

तयार कपड्यांत ही माया नसते. ओव्हरलॉकचं मशीन कडा गुंफता गुंफता जास्तीचं कापड पात्यानं कापूनच टाकतं, आणि हजारो नग शिवायचे तर वाचलेला प्रत्येक इंच हा पैसा असतो. तयार कपडे करणाऱ्यांचा हिशेब मला समजतो. पण एखाद्या कपड्यावर डिझायनरची सही कुठं असते असं मला कुणी विचारलं तर मी तो उलटा करून दाखवीन. दिल्लीत फॅशनचं नाव निघालं की लोक शाहपूर जाट सांगतात, मेहरौली सांगतात, ऐंशीच्या दशकात हौज खास गावात उघडलेली बुटिकं आठवतात. १९८६ साली निफ्ट ही फॅशन शिकवणारी संस्था याच शहरात उभी राहिली, देशातला पहिला फॅशन वीक २००० साली इथंच झाला. ते सारं खरं आणि मोलाचं. तरी या शहरातल्या बहुसंख्य बायकांच्या अंगावर जे नीट बसलेलं असतं ते अशाच एखाद्या सेक्टरच्या बाजारात, जिना चढून गेल्यावर शिवलेलं असतं. ते शिवणाऱ्यांविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून मी इथं बसले आहे.

दुपार होते. गर्दी ओसरते. ही वेळ काही जणींसाठी राखलेली असते.

साठीच्या पुढच्या एक बाई हळू जिना चढून येतात. ताई स्वतः उठून दार धरतात. भाचीच्या लग्नासाठी साडीवरचा ब्लाउज हवाय. मी उठून बाहेर जायला लागते तर त्याच मला थांबवतात. "बैठो, बेटा. लिख लो. इसमें छुपाना क्या?" मागच्या वर्षी त्यांचा डावा स्तन काढावा लागला. केमोथेरपी झाली, केस पुन्हा आलेत, आता सणासुदीला बाहेर पडायचंय.

त्यांचा ब्लाउज मास्टरजींनी दोन वेगळ्या फर्म्यांवर बेतला आहे, डावा निराळा, उजवा निराळा. डाव्या बाजूला आतून मऊ सुती कापडाची खिशासारखी पिशवी, कुशीकडून उघडणारी, तिच्यात कृत्रिम स्तन बसतो आणि हात वर केला तरी सरकत नाही. गळा नेहमीपेक्षा इंचभर वर. हुक पाठीवरून काढून पुढं आणलेत, कारण शस्त्रक्रियेनंतर तो हात पाठीमागं नीट जात नाही. काखेपाशी शिवणीची जाडी टोचू नये म्हणून तिथली माया आत न दुमडता उलगडून पसरलीय आणि तिच्यावर मलमलची पट्टी बसवलीय. ट्रायल रूम म्हणजे एक कोपरा, जाड पडदा आणि तीन बाजूंचे आरसे; ताई आत जाताना बाजूचे दोन आरसे मिटून घेतात. समोरचा एकच उघडा राहतो.

बराच वेळ आतून फक्त ताईंचा आवाज येतो. हात वर करा. खाली. पुढं वाका. टोचतंय? इथं? मग त्या बाईंचं हसू ऐकू येतं, आणि पडदा सरकवून त्या स्वतःच बाहेर येतात, साडीचा पदर डाव्या खांद्यावर घेऊन, मधल्या मोठ्या आरशापुढं. मागून, बाजूनं, पुन्हा पुढून बघतात. मास्टरजी टेबलावरून मान वर करत नाहीत. बायका ट्रायलला असताना ते कधीच करत नाहीत. पण कात्रीचा आवाज थांबलेला आहे.

"पदर दुसऱ्या खांद्यावर घेऊन बघा," ताई हिंदीतून सुचवतात. त्या घेतात. तरीही नीट. "दोनों तरफ़ से!" त्या म्हणतात. पैसे देताना आणखी तीन ब्लाउजांचं कापड पिशवीतून निघतं.

आपल्याकडच्या एस, एम, एल या मापांमागं भारतीय अंगांची मोजणी कधी नव्हतीच. परदेशी तक्ते घ्यायचे आणि आपापल्या अंदाजानं फिरवायचे, असं चालत आलं. म्हणून निफ्टनं २०१८ मध्ये 'इंडिया साइज' पाहणी जाहीर केली: सहा शहरं, १५ ते ६५ वयातली २५ हजार माणसं, थ्रीडी स्कॅनरनं घेतलेली मापं. हे काम व्हायलाच हवं होतं. दुकानात परत कराव्या लागणाऱ्या कपड्यांचा डोंगर त्यानं कमी होईल. पण आत्ता जिना उतरून गेलेल्या बाई कोणत्याही तक्त्यात बसणार नाहीत, आणि अशा किती जणी असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

चारच्या सुमारास ताई मला जरीकामाच्या अड्ड्यावर घेऊन जातात. तो दुकानात नाही, बागडोला गावात आहे. सेक्टर येण्याआधीपासून असलेलं हे गाव सेक्टर ८ ला लागून आहे. गल्ल्या अरुंद, भाडं कमी. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जमिनीपासून फूट-दीड फुटावर लाकडी चौकट मांडलीय, तिच्यावर कापड ताणून बांधलंय, आणि दोन्ही बाजूंना चार कारागीर मांडी घालून बसलेत. सगळे बरेलीचे. बरेलीत जरीचं काम घराघरांत चालतं. हातात आरी धरायला तिथली मुलं लिहायच्या आधी शिकतात.

ताईंनी कागदावर काढलेली वेल आधी ट्रेसिंग पेपरवर उतरते. मग रेषेवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं. हा झाला खाका. खाका कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी भुकटी बोळ्यानं वरून फिरवायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची वेल उमटते. त्या ठिपक्यांवरून आरी चालते. आरी म्हणजे आकड्याची सुई. वरचा हात ती कापडात खुपसतो, खालचा हात कापडाखालून दोरा आकड्यात अडकवतो, आणि वर ओढताना टाका पडतो. खालचा हात कुणालाच दिसत नाही, कारागिराला स्वतःलाही नाही. मी वाकून खालून बघते. पाच बोटं स्वतंत्र बुद्धी असल्यासारखी हलताहेत.

दबका, नक्शी, कोरा, सितारा: जरीचे प्रकार वाट्यांमधून मांडलेत. सर्वांत वयस्कर कारागीर एक बुट्टी पुरी करून मान मोडतात. डोळ्यांचं विचारल्यावर म्हणतात, चष्म्याचा नंबर दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. पूर्वी इथं दोन अड्डे लागत. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली, काम थांबलं, सगळे गावी गेले. त्या काळात ताईंनी दुकानात सुती मास्क शिवून घेतले आणि मास्टरजींचा पगार चालू ठेवला. अड्ड्याला मात्र द्यायला काम नव्हतं. परत चारच जण आले. बाकीच्यांपैकी एक जण आता बरेलीत ई-रिक्षा चालवतो. हे सांगताना ताईंचा आवाज बारीक होतो. एवढं बारीक काम करणारा हात पुन्हा तयार व्हायला दहा वर्षं लागतात, आणि दहा वर्षं बसायला आज कोण तयार होईल, असं त्या विचारतात. मजुरी वाढवली तर लेहंग्याचा भाव वाढतो. भाव वाढला की गिऱ्हाईक मशीनची एम्ब्रॉयडरी घेतं. ताईंनी यावर काढलेला मार्ग असा: लेहंग्याच्या घेरावर मशीनचं काम, चोलीवर आणि ओढणीच्या काठावर हाताचं, म्हणजे जिथं नजर जवळून पडते तिथं. मला हा मार्ग योग्य वाटतो. सगळं हातानंच हवं असा हट्ट धरला असता तर हे चौघेही इथं नसते.

परत येईपर्यंत संध्याकाळचे दिवे लागलेत. दुकानात तोबा गर्दी. एकीला पलाझो दोन इंच तोकडा हवाय, एकीचा सूट आजच मिळायचा होता आणि अजून काज व्हायचेत, एकजण फोनवर सब्यसाचीच्या लेहंग्याचा फोटो धरून उभी आहे. "सेम टू सेम?" ताई फोटो मोठा करून बघतात, कापड कुठलं, काम कोणतं ते सांगतात, आणि हुबेहूब करणार नाही असं स्पष्ट सांगतात, रंगाचा मेळ घेऊ, वेल आपली काढू. मुलगी जरा नाराज होते, पण जात नाही. छताजवळच्या दांडीला एक शिफॉनचा लेहंगा उलगडून लटकवलेला आहे, खालची कड अजून न दुमडलेली. उरेब कापड स्वतःच्या वजनानं खाली ओघळतं, कुठं अर्धा इंच, कुठं दीड. रात्रभर लटकू द्यायचं, मग खालून गोल सारखा करायचा, मग पिको. आजच न्यायचा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला ताई तो लेहंगा पट्टीनं मोजून दाखवतात. गिऱ्हाईक उद्या यायचं कबूल करतं.

या गोंधळात दाराशी मराठी ऐकू येतं. आई आणि मुलगी. मुलगी गुरुग्रामला नोकरीला, नवरा मुलगा जनकपुरीचा पंजाबी. देवउठनी एकादशीनंतरचा मुहूर्त. आपल्याकडं तुळशीची लग्नं लागतात त्या दिवसांतला. सकाळी मराठी पद्धतीनं लग्न, रात्री फेरे. रात्रीचा लेहंगा ठरलाय. सकाळसाठी मुलीच्या मनात आजीची पैठणी कापून तिची शिवलेली नऊवारी करायची आहे. शिवलेली नऊवारी मास्टरजींना येते. बिहारचे मास्टरजी ती शिकले ताईंनी एकदा स्वतः नेसून दाखवलेल्या काष्ट्यावरून. निऱ्या कुठं पक्क्या करायच्या, काष्ट्याला चालताना ओढ बसू नये म्हणून किती सैल ठेवायचं, सगळं त्यांच्या कागदी फर्म्यात आहे.

पण ताई पैठणी हातात घेतात आणि गप्प होतात. पदर उलटा करतात. विणताना रंग एकमेकांत गुंतवत गेल्यामुळं पाठीमागूनही मोर तसाच दिसतो, कुठंही लोंबता धागा नाही. त्या साडी ट्यूबलाइटपुढं धरून घडीघडीनं उलगडत जातात.

"नेसता येत असेल तर मी कात्री लावणार नाही," त्या म्हणतात. "आधी बघू दे."

आई काहीतरी बोलायला जाते, वरून विमान जातं. घडीच्या रेघेवर एका जागी रेशीम तडकलंय. उजेड आरपार येतो. पुढच्या घडीवरही. ताई बोट ठेवून दाखवतात: इथं, इथं, आणि इथं. निऱ्या घातल्या की फाटेल. काठ आणि पदर मात्र शाबूत. मग त्या पटापट बोलायला लागतात, नागपुरी बाज आपोआप येतो: नऊवारी दुसऱ्या रेशमाची शिवू, ही कापायची ती फक्त काठ आणि पदर सोडवण्यापुरती, पदराचा शेला होईल, काठ नऊवारीला लागेल, आणि मधलं अंग जिथं चांगलं आहे तिथून चोळी निघेल. येवल्याहून नवी पैठणी मागवायची तर ती नेसवू, शिवणार नाही. आई हिशेब विचारते, मुलगी शेल्याचं ऐकून खूश झालीय. मास्टरजी खडूनं कापडावर नव्हे, शेजारच्या कागदावर काठाची लांबी मांडून बघतात आणि मान डोलावतात. पुरेल.

"माप मात्र पाच किलो कमीचं घ्या हं," मुलगी म्हणते. "लग्नापर्यंत मी तेवढं कमी करणार आहे."

"माप आजचंच घेणार. कमी झालं तर आत घेता येतं." ताई वहीचं कोरं पान काढतात, वर तारीख घालतात, गळ्यातला टेप ओढतात. मग थांबून मुलीकडं नीट बघतात.

"जेवली का गं तू?"

"नाही. सकाळपासून नुसती कॉफी झालीय."

"मग आत्ता नाही. उपाशी पोटी मी कंबर मोजत नसते. खाली छोले-कुलचेवाला आहे, पोटभर खा आणि अर्ध्या तासानं ये."

ताई टेप पुन्हा गळ्यात टाकतात आणि मदतनीस मुलीला सांगतात, पुढचं नाव घे.